मृत्यूनंतर उघडलेले खाते

बँकेच्या नोकरीत मयत खातेदारांच्या फायली मी कितीतरी हाताळल्या. वारस येत, मृत्यूचा दाखला जोडत, सह्या होत आणि खाते बंद होई. खातेदार बाई असली तर शिल्लक बहुधा थोडीच. तिने मनात काय साठवले होते, ते लेजरात दिसत नसे. चिलीच्या मारिया लुइसा बोंबाल यांची ‘ला अमोर्ताहादा’, म्हणजे ‘कफनातली स्त्री’, ही कादंबरी वाचताना त्या फायली आठवल्या. इथे बाईचे खाते उघडते तेच मृत्यूनंतर!

बोंबाल यांचा जन्म १९१० सालचा, समुद्रकाठच्या विन्या देल मार गावातला. वडिलांचे घराणे अर्जेंटिनातले, मूळचे फ्रेंच, आईचे जर्मन. वडील लवकर गेले. शिक्षण झाले पॅरिसमध्ये, अतिवास्तववादाच्या ऐन भराच्या काळात. १९३१मध्ये त्या परतल्या. पण लिहिले ते स्पॅनिशमध्येच. ब्वेनोस आइरेसला कवी नेरुदांच्या घरी राहत असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची पहिली कादंबरी आकाराला आली. तिच्यातली विवाहित नायिका एका रात्रीच्या प्रियकराच्या आठवणीवर वर्षे काढते. तो खरा होता की धुक्यातला भास, हे तिलाही कळत नाही.

दुसरीत आना मारिया शवपेटीत पडून आहे. भोवती मेणबत्त्या. माणसे येतात आणि ती किंचित उघड्या डोळ्यांनी सारे पाहते. नवऱ्याच्या डोळ्यांतले पाणी दिसते आणि इतकी वर्षे बाळगलेला द्वेष ओसरू लागतो. ही कल्पना ऐकून ‘हे जमायचे नाही’ असे बोर्हेस यांनी बजावले होते. बाईंनी मात्र लिहिलेच. १९३८ साली पुस्तक आले आणि त्याच बोर्हेसनी ‘सुर’ नियतकालिकात त्याचे कौतुक केले. मेलेली माणसे बोलतात ती हुआन रुल्फो यांची प्रसिद्ध कादंबरी ‘पेद्रो पारामो’ आली १९५५मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी.

पुढे बोंबाल अमेरिकेत गेल्या. दोन्ही कादंबऱ्या त्यांनी स्वतः इंग्रजीत नव्याने लिहिल्या. नंतर मात्र फारसे काही प्रसिद्ध झाले नाही. १९७३ साली त्या मायदेशी परतल्या आणि १९८०मध्ये वारल्या. चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही.

स्वप्न आणि भास हे त्यांच्या लेखनात शोभेचे नव्हते. जागेपणी जे बोलायची सोय नव्हती, ते बाईला तिथे बोलता आले.

माझी आई गेली तेव्हा तिचे खाते मीच बंद केले. शिल्लक पैशापर्यंत तपासली. तिला काय हवे होते, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.