काळें लोखंड : लोहारकाम शिकणाऱ्या शेतकऱ्यांस सूचना

नांगराचा फाळ बोथट झाला किंवा कुळवाची फास झिजली, कीं पूर्वीं शेतकरी गांवच्या लोहाराकडे जाई व त्याचें बलुतें खळ्यावर पोंचतें करी. आतां पुष्कळ गांवीं लोहाराचा भाता थंडावला आहे. म्हणून कांहीं उद्योगी शेतकरी आपल्याच वाड्यांत भट्टी व ऐरण मांडून हें काम शिकूं लागले आहेत. हा उद्योग स्तुत्य खरा. परंतु ज्या हातानें चाड्यावर मूठ धरावयाची, तोच हात ऐन पेरणींत जायबंदी झाला, तर वांचलेल्या मजुरीचें मोल काय? यास्तव या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना एका रविवारीं घरचा फाळ शेवटून घेण्यासाठीं लोहाराकडे गेलों होतों. ऐरणीच्या बुडाशीं लोखंडाचा एक तुकडा पडला होता. रंगानें काळा, तेव्हां निवाला असेल, अशा समजुतीनें आम्हीं तो सहज उचलला, आणि तळहाताची कातडी होरपळून निघाली. लोहार म्हणाला, "भाऊसाहेब, तांबडं लोखंड सांगून भाजतं; काळं न सांगता भाजतं." घरीं वडील माणसांनीं मायेनें हळद-तूप थापलें, जखम चिघळली. मार्चअखेरची वसुली तोंडावर आलेली, आणि उजव्या हातांत लेखणी धरवेना. तीन आठवडे आमचे तक्ते सहकाऱ्यांस लिहावे लागले.

त्या लोहाराच्या बोलण्यांत या कामांतील पहिला धडा आहे. लोखंड सुमारें ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलें, म्हणजे अंधारांत तें कोठें अंधुक तांबूस दिसूं लागतें. त्याखालीं तें काळेंच. आणि भर उजेडांत त्याहून तापलेलेंही काळेंच दिसतें. म्हणून भट्टीच्या आसपासचें प्रत्येक लोखंड तापलेलेंच समजावें. शंका आल्यास हाताची पाठ जवळ नेऊन झळ पाहावी, परंतु स्पर्श करूं नये. उचलावयाचें तें सांडशीनें. तापलेलें लोखंड ठेवण्यास वाळूची एकच जागा नेमावी, व तें वाटेंत कधींही टाकूं नये.

दुसरी गोष्ट पोषाखाची. कपडे जाड सुती असावेत. टेरिकॉटसारखें कापड ठिणगीनें वितळून अंगास चिकटतें. धोतराचा सोगा, उपरणें, सैल बाही हीं लोंबतीं ठेवूं नयेत. पायांत चपलेऐवजीं चामड्याचा बंद जोडा असावा, आणि पुढें चामड्याचें आवरण बांधावें. हातमोजा ओला असेल तर तापलेल्या लोखंडानें त्यांतच वाफ होऊन हात भाजतो. डोळ्यांवर कारखान्यांत वापरतात तसा संरक्षक चष्मा नेहमीं असावा. वाचनाच्या चष्म्यानें तें काम होत नाहीं. हातोड्याचें तोंड व ऐरण दोन्ही कठीण पोलादाचीं असल्यानें रिकाम्या ऐरणीवर जोराचा घाव घातल्यास कपची उडूं शकते. छिन्नीचें डोकें ठोकून ठोकून फुलासारखें पसरलें असेल, तर तें घांसून काढावें. काम सुरू करण्यापूर्वीं घणाचा दांडा व पाचर घट्ट आहेत काय, हें रोज पाहावें.

तिसरी गोष्ट धुराची. कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. तो बंद खोलींत माणसाचा प्राण घेतो. यास्तव भट्टी मोकळ्या छपरांतच असावी. विहिरीवरील जुना जस्ती नळ किंवा जस्ती पत्रा भट्टींत कदापि घालूं नये. जस्त ९०७ अंशांस उकळतें, आणि घडाईचा ताव बहुधा त्याच्या वरचाच असतो. त्या धुरानें कांहीं तासांनीं हिंवतापाप्रमाणें थंडी वाजून ताप भरतो. दोन्ही तोंडें बंद असलेली नळी तापविल्यास ती फुटते, हेंही ध्यानांत ठेवावें.

मोटारीच्या जुन्या पाट्याचें पातें तेलांत बुडवून कठीण करण्याची रीत आहे. तें तेल धातूच्या भांड्यांत असावें व जवळ घट्ट झांकण असावें. तेलानें पेट घेतला तर पाणी मुळींच ओतूं नये. झांकण घालून ज्वाला कोंडावी.

इतकेंही करून भाजलेंच, तर ताबडतोब अंगठी व कडें काढावें, कारण मग सूज येते. भाजलेला भाग २० मिनिटें थंड वाहत्या पाण्याखालीं धरावा. बर्फ, हळद, तूप, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहीं लावूं नये. स्वच्छ फडक्यानें सैल झांकून डॉक्टरांकडे जावें व धनुर्वाताच्या सुईविषयीं विचारावें. डोळ्यांत कण गेल्यास डोळा चोळूं नये. अपघात मोठा असेल तर महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते.

शेवटीं एवढेंच, कीं हें काम पुस्तकावरून एकट्यानें शिकण्याचें नव्हे. शेजारगांवीं एखादा वृद्ध लोहार असेल, तर आरंभीं त्याच्या ऐरणीशीं बसून शिकावें, आणि त्याच्या वेळेचें योग्य मोल द्यावें. थकल्यावर घण उचलूं नये, व मुलांस भट्टीपासून दूर ठेवावें. फाळ बिघडला तर दुसरा घडवितां येतो. हात मात्र कोणत्याही ऐरणीवर घडत नाहीं. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.