मागचा आस का कुरकुरतो?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे वाकून पाहा. मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी फुगवटा दिसेल. त्याच्या पोटात डिफरन्शियल असते. एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स गाडीतही तसेच आहे. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही गाडी हौशी लोक अजून जपतात. तिच्या मागून आवाज येऊ लागला, की पुष्कळजण सगळा आसच बदलायला निघतात. आणि दोष निघतो एखाद्या झिजलेल्या वॉशरचा! न उघडता दोष कसा ओळखायचा?

इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट ११ दात्यांचे पिनियन फिरवतो आणि ते ४३ दात्यांच्या क्राऊनला फिरवते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सुमारे ३.९ फेरे होतात. आता थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर चाक सेकंदाला ८.८ वेळा फिरते, शाफ्ट सुमारे ३४ वेळा, आणि दाते एकमेकांत अडकतात सुमारे ३७७ वेळा. म्हणून बेअरिंगची घरघर खर्जात येते, तर झिजलेले दाते चढ्या सुरात हुंकारतात. कान हेच इथले पहिले उपकरण.

वेग देताना पिनियन क्राऊनला ढकलते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उलट क्राऊन पिनियनला ढकलतो आणि भार दात्यांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. त्याच क्षणी हुंकार बदलला, तर संशय या जोडीवर. पायाची दाद न घेता, डावीकडे वळताना घरघर वाढली, तर उजव्या चाकाचे बेअरिंग तपासावे. कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर मात्र तो बहुधा टायरचाच!

क्राऊनबरोबर फिरणारी लहान स्टार पिनियने दोन्ही चाकांना गती वाटून देतात. सरळ रस्त्यावर ती स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. तेव्हा फक्त वळणावर येणारा आवाज त्यांच्याकडे बोट दाखवतो.

क्लच सोडताना होणारा ‘टक्’ आवाज हे तर एमजीबीचे जुने दुखणे. स्टार पिनियनांच्या पाठीमागचे वॉशर झिजतात आणि दात्यांत मोकळीक वाढते. पण तारेच्या आऱ्यांची चाके असतील, तर आधी एक सोपी परीक्षा करावी. मागचे चाक उचलून हँडब्रेक ओढावा आणि चाक हलवून पाहावे. ब्रेकने हब धरून ठेवलेला असतो. तरीही चाक हलले, तर हबावरच्या खाचा झिजल्या आहेत, डिफरन्शियल निर्दोष असू शकते. शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंटही हाताने पिळून पाहावा. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पुढच्या चाकांना अडण्या आणि आसाखाली भक्कम स्टँड हवेतच.

शेवटी तेल पाहावे. पातळी कमी असेल, तर पिनियनच्या सीलमधून ते गळते का, ते तपासावे. काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवला, की त्याला थोडी करडी भुकटी लागतेच. ती नेहमीची झीज. धारदार कपचा निघाला, तर दाता तुटला आहे. मग गाडी तिथेच थांबवून आस उघडावा लागतो, कारण तो तुकडा दात्यांत अडकला, तर धावती चाके जाम होतात.