दोघंही यॉर्कशायरचे : एका नेत्याने खाणींसाठी सरकारशी पंगा घेतला, एका बँडने गॉथिक मेटल आणलं

साल २०१५. या एका वर्षात इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात दोन गोष्टी घडल्या.

जूनमध्ये तिथल्या हॅलिफॅक्स गावच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या बँडचा 'द प्लेग विदिन' हा अल्बम आला. गायक निक होम्स अनेक वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या गुरगुरत्या आवाजात पुन्हा गायला लागला होता. जुने फॅन्स खूश झाले.

आणि १८ डिसेंबरला केलिंगली खाणीतली शेवटची पाळी वर आली. सुमारे ४५० कामगारांची नोकरी संपली. ब्रिटनमधली ही शेवटची खोल कोळसा खाण होती. यॉर्कशायरचेच आर्थर स्कारगिल ज्या दिवसाबद्दल आयुष्यभर ओरडून सांगत होते, तो हाच दिवस.

आता तुम्ही म्हणाल, कामगार नेत्याचा आणि मेटल बँडचा संबंध काय? थेट संबंध काहीच नाही. बँडने संपावर गाणी केली नाहीत आणि स्कारगिल यांनी कधी मेटल ऐकल्याची नोंद नाही. पण दोघंही एकाच मुलखातून आले, आणि दोघांपुढे प्रश्न एकच होता. ज्या गोष्टीने आपल्याला ओळख दिली, तिचे दिवस फिरले तर काय करायचं? धरून बसायचं की बदलायचं?

सुरुवात करूया स्कारगिल यांच्यापासून.

पंधराव्या वर्षी खाणीत

आर्थर स्कारगिल यांचा जन्म १९३८ चा, बार्न्सलीजवळच्या वर्सब्रो डेल गावातला. वडील खाण कामगार आणि कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. शाळा सोडून आर्थर १९५३ मध्ये वूली खाणीत कामाला लागले. १९५५ मध्ये कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत गेले. पुढे ते लेबर पक्षात आले, पण विचार डावेच राहिले.

त्यांचं नाव देशभर झालं १९७२ मध्ये. जानेवारीत पगारवाढीसाठी खाण कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. १९२६ नंतरचा हा पहिलाच. बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागात कोक कोळशाचा मोठा साठा होता आणि तिथून ट्रक भरून माल बाहेर जात होता. स्कारगिल यॉर्कशायरमधून कामगारांच्या बस घेऊन तिथे धडकले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन रस्ता अडवणाऱ्या अशा तुकड्यांना तिकडे 'फ्लाइंग पिकेट' म्हणायचे.

तरीही गेट बंद होईना. मग १० फेब्रुवारीला बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतले हजारो कामगार काम टाकून त्यांच्या मदतीला आले. गर्दी एवढी झाली की पोलिसांनी गेट बंद करायला लावलं. संप कामगारांनी जिंकला. दोन वर्षांनी पुन्हा संप झाला, तेव्हा पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी 'देश कोण चालवतं?' असं विचारत निवडणूक घेतली. हीथ यांची सत्ता गेली.

सरकारने धडा घेतला होता

ही हार कॉन्झर्वेटिव्ह पक्ष विसरला नाही. निकोलस रिडली या खासदाराने १९७७ मध्ये पक्षासाठी एक अहवाल लिहिला. मुद्दे साधे होते. वीज केंद्रांत कोळशाचा साठा करून ठेवा. बाहेरून कोळसा आणायची सोय ठेवा. कोळशाऐवजी तेलावर चालतील अशी केंद्रं तयार ठेवा. संपकऱ्यांना मिळणारे सरकारी पैसे बंद करा. आणि कुठेही पाठवता येईल असं मोठं पोलीस दल उभं करा.

१९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. १९८१ मध्ये खाणी बंद करण्याचा विषय निघाला आणि कामगार संपाच्या तयारीला लागले, तेव्हा थॅचर यांनी चक्क माघार घेतली. कारण साठा पुरेसा नव्हता. मग पुढची तीन वर्षं साठा वाढवण्यात गेली.

याच काळात स्कारगिल खाण कामगारांच्या राष्ट्रीय युनियनचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांना सुमारे ७० टक्के मतं मिळाली होती.

३५८ दिवसांचा संप

मार्च १९८४. आधी यॉर्कशायरची कॉर्टनवूड खाण बंद करणार अशी बातमी आली. मग सरकारी कोळसा मंडळाने जाहीर केलं की २० खाणी बंद होणार आणि २० हजार नोकऱ्या जाणार. १२ मार्चला स्कारगिल यांनी देशभर संपाची हाक दिली.

स्कारगिल यांचं म्हणणं होतं की २० चा आकडा खोटा आहे. खरी यादी ७० हून जास्त खाणींची आहे. सरकारने आणि मंडळाने हे साफ नाकारलं.

संप पेटला, पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून कामगारांच्या विरोधात होत्या.

पहिली म्हणजे वेळ. हिवाळा संपत आला होता, म्हणजे कोळशाची मागणी कमी होणार होती. आणि केंद्रांबाहेर साठ्याचे ढीग उभे होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्कारगिल यांनी देशभरातल्या कामगारांचं मतदान घेतलंच नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये मतदान झालं होतं आणि दोन्ही वेळा कामगारांनी संपाला नकार दिला होता. यावेळी एकेका भागाने स्वतंत्रपणे संपावर जायचं असा मार्ग काढला गेला. त्यामागचा युक्तिवाद असा होता की ज्याची खाण सुरक्षित आहे, त्याने मत देऊन दुसऱ्याची नोकरी घालवू नये. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक कामगारांनी 'मतदान नाही तर संप नाही' म्हणत काम चालू ठेवलं. कोळसा निघत राहिला. आणि संप लोकशाही मार्गाने झालेला नाही, हे म्हणायला सरकारला आयतं कोलीत मिळालं.

१८ जून १९८४ ला ऑरग्रीव्हच्या कोक प्लांटबाहेर हजारो संपकरी आणि हजारो पोलीस समोरासमोर आले. घोडेस्वार पोलीस कामगारांवर धावून गेले. ९५ जणांवर गुन्हे लागले. पुढे कोर्टात पोलिसांचे पुरावे टिकले नाहीत आणि खटला कोसळला. १९९१ मध्ये पोलिसांना ३९ जणांना मिळून ४ लाख २५ हजार पौंड भरपाई द्यावी लागली.

वर्षभर पगार नाही. गावोगावी बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले. कोर्टाने युनियनची मालमत्ता गोठवली. ११ हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. शेवटी ३ मार्च १९८५ ला युनियनच्या प्रतिनिधींनी ९८ विरुद्ध ९१ मतांनी कामावर परतायचं ठरवलं. कोणताही करार झाला नाही. अनेक गावांतले कामगार युनियनचे झेंडे घेऊन, बँड वाजवत खाणीवर परत गेले. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, स्कारगिल यांची स्वतःची वूली खाणही बंद झाली.

इकडे हॅलिफॅक्समध्ये चार पोरं

बार्न्सलीच्या वायव्येला, तासाभराच्या अंतरावर हॅलिफॅक्स आहे. हे गाव कोळशाचं नाही, लोकरीच्या आणि गालिच्यांच्या गिरण्यांचं. तिथली डीन क्लॉ ही गालिच्यांची प्रचंड मोठी गिरणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली होती.

या गावात १९८८ मध्ये पॅराडाइज लॉस्ट सुरू झाला. निक होम्स गायक, ग्रेगर मॅकिंटॉश आणि ॲरन एडी गिटारवर, स्टीव्ह एडमंडसन बेसवर. नाव घेतलं मिल्टनच्या महाकाव्यावरून. ड्रमर बरेच बदलले, पण हे चौघं आजही एकत्र आहेत.

सुरुवातीला ते डेथ मेटल वाजवायचे, पण अतिशय संथ. १९९० मध्ये यॉर्कशायरच्याच पीसव्हिल या छोट्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. १९९१ मध्ये दुसरा आला, त्याचं नाव 'गॉथिक'. घोगऱ्या आवाजाला जोडून स्त्री गायिकेचा आवाज, ऑर्केस्ट्राचे तुकडे आणि वरून रडवेली गिटार. 'गॉथिक मेटल' या प्रकाराचं नाव बहुतेक जण याच अल्बमशी जोडतात.

हे मिश्रण कुठून आलं ते बघा. जड, संथ गिटारची परंपरा ब्लॅक सॅबथची, म्हणजे बर्मिंगहॅमची. त्यांच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली होती. त्याने प्लास्टिकच्या टोप्या लावल्या, हलक्या तारा वापरल्या, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून तो भारी आवाज घडला. दुसरी बाजू गॉथ रॉकची. त्यातला 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हा मोठा बँड लीड्सचा, म्हणजे पुन्हा यॉर्कशायर. थोडक्यात, हे सगळं संगीत कारखान्यांच्या शहरांतून आलेलं आहे.

पॅराडाइज लॉस्टचे विषय मात्र राजकीय नाहीत. मृत्यू, श्रद्धा, हरवलेपण, हेच त्यात फिरून फिरून येतं.

बदलले, आणि फॅन्स भडकले

१९९३ चा 'आयकॉन' आणि १९९५ चा 'ड्रॅकोनियन टाइम्स' या अल्बमनी बँडला युरोपभर मोठं केलं. होम्स आता गुरगुरण्याऐवजी सुरात गात होता. हाच साचा वापरत वीस वर्षं आरामात काढता आली असती.

पण १९९७ च्या 'वन सेकंड'मध्ये कीबोर्ड पुढे आले. १९९९ मध्ये ईएमआय या बड्या कंपनीकडून 'होस्ट' आला आणि मेटल जवळजवळ गायबच झालं. सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक ताल, 'डिपेश मोड'ची आठवण यावी असा आवाज. अनेक जुन्या फॅन्सना ही गद्दारी वाटली.

२००० नंतर बँड हळूहळू परत फिरला. २००७ च्या 'इन रिक्वियम'पर्यंत गिटार पुन्हा जड झाल्या. २०१५ मध्ये जुना आवाज परतला, २०१७ च्या 'मेड्युसा'त तो आणखी संथ आणि जड झाला. २०२३ मध्ये त्यांनी 'आयकॉन' ३० वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड केला. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी होम्स आणि मॅकिंटॉश यांनी 'होस्ट' याच नावाने वेगळा इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट काढला. ज्या अल्बमसाठी शिव्या खाल्ल्या, त्याचंच नाव.

स्कारगिल मात्र हलले नाहीत

१९९२ मध्ये सरकारने आणखी ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर काही दिवसांतच बार्न्सलीजवळच्या ग्राइमथॉर्प खाणीच्या ब्रास बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ही खाणही यादीत होती. पुढच्या वर्षी ती बंद झाली. १९९४ मध्ये उरलेला कोळसा उद्योग खासगी झाला.

लेबर पक्षाने १९९५ मध्ये उद्योगांच्या सामुदायिक मालकीचं जुनं कलम घटनेतून काढलं, तेव्हा स्कारगिल यांनी पक्ष सोडला आणि १९९६ मध्ये सोशलिस्ट लेबर पार्टी काढली. २००१ मध्ये त्यांनी हार्टलपूलमध्ये टोनी ब्लेअर यांचे जवळचे सहकारी पीटर मँडेलसन यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. मतं मिळाली ९१२.

२००२ मध्ये त्यांनी युनियनचं अध्यक्षपद सोडलं. नंतर लंडनमधल्या फ्लॅटच्या खर्चावरून त्यांची स्वतःच्याच युनियनशी कोर्टात लढाई झाली. २०१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की तो खर्च आयुष्यभर उचलायला युनियन बांधील नाही. ज्यांनी त्यांच्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यातल्या अनेकांना हे लागलं.

मग कोण बरोबर होतं?

जानेवारी २०१४ मध्ये थॅचर सरकारची गुप्त कागदपत्रं खुली झाली. त्यात सप्टेंबर १९८३ च्या एका बैठकीची नोंद आहे. कोळसा मंडळाचे प्रमुख इयन मॅकग्रेगर यांची योजना होती तीन वर्षांत ७५ खाणी बंद करण्याची. कामगार कमी होणार होते ६४ हजार.

म्हणजे आकड्याबाबत स्कारगिल खरं बोलत होते. पण खरं बोलणं पुरलं नाही. मतदान न घेतल्यामुळे युनियन फुटली आणि चुकीच्या ऋतूत सुरू झालेला संप साठ्यापुढे थकला.

इथे बँडशी तुलना करताना एक फरक विसरून चालणार नाही. पॅराडाइज लॉस्टने चुकायची मुभा घेतली, कारण चूक दुरुस्त करता येत होती. एखादा अल्बम फसला तर पुढच्या अल्बममध्ये गिटार परत आणता येते. खाणीचं तसं नसतं. एकदा पंप बंद केले की पाणी चढतं, बोगदे खचतात, आणि ती खाण पुन्हा उघडणं जवळपास अशक्य होतं. तिच्याभोवती वाढलेलं गाव, युनियनचा हॉल, बापाकडून पोराकडे गेलेलं काम, यातलं काहीच परत रेकॉर्ड करता येत नाही. म्हणून 'काळानुसार बदलायला हवं होतं' हा सल्ला बँडला देणं सोपं आहे, खाण कामगाराला देणं नाही.

हेही खरं की कोळसा कधी ना कधी जाणारच होता. ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनचं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र बंद झालं. ते होतं नॉटिंगहॅमशायरमध्ये, म्हणजे जिथले कामगार संपात उतरले नव्हते तिथेच. प्रश्न कोळसा जाण्याचा नव्हता. तो किती वेगाने जाणार आणि मागे उरलेल्या माणसांचं काय, हा होता. त्याचं उत्तर १९८४ मध्ये कुणी दिलं नाही.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ऑरग्रीव्हच्या घटनेची अधिकृत चौकशी जाहीर केली. ४१ वर्षांनी. तेव्हाचे तरुण संपकरी आता साठी-सत्तरी पार केलेले आहेत. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, पॅराडाइज लॉस्टचा 'असेन्शन' हा नवा अल्बम आला.

बँड अजून चालू आहे. खाणी बंद आहेत. आणि त्या दिवशी ऑरग्रीव्हमध्ये नक्की काय झालं, हे सरकारकडून ऐकायला कामगार अजून थांबलेले आहेत.