जुन्या बुलेटची घरगुती निगा

जुनी मोटारसायकल सुरू होईनाशी झाली म्हणजे तिचा मालक पहिली गोष्ट करतो ती ही कीं, तो हातांत पाना घेतो. माझ्या मतें पहिला अर्धा तास पान्याला स्पर्शहि करूं नये. बिघाड कोठें आहे हें ठरण्यापूर्वीं जो नट सैल केला जातो, तो बहुधा नवा बिघाड उत्पन्न करतो. आणि मग मूळचा दोष कोणता व आपण घातलेला कोणता, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, जुनें यंत्र आपल्या दुखण्याचें ठिकाण स्वतःच दाखवितें. तें कसें पाहावयाचें हें समजलें तर घरांतल्या साध्या हत्यारांनीं पुष्कळ कामें होतात, आणि कोणतीं कामें घरीं करूं नयेत हेंहि कळतें.

उदाहरणासाठीं मी आपल्या परिचयाची साडेतीनशें सी. सी. ची बुलेट घेतों. ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभीं विलायतेहून आलेले भाग जोडून, व पुढें सर्व भाग येथेंच घडवून, ही गाडी आपल्याकडे तयार होऊं लागली. बिडाच्या सिलिंडरचें तें जुनें इंजिन २०१० च्या सुमारास बंद झालें. म्हणजे आज कोणाच्या दाराशीं अशी गाडी उभी असेल, तर त्यांतल्या सर्वांत तरुण गाडीचें वयहि पंधरा वर्षांच्या घरांत आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. सिलिंडर एक, प्लग एक, कार्ब्युरेटर एक. ह्या यंत्राला चालावयास तीनच गोष्टी लागतात: वेळेवर पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल व हवा, आणि सिलिंडरांतील दाब. गाडी बंद पडली म्हणजे या तिहींपैकीं एक गोष्ट नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

दाब पायालाच कळतो. किकवर हलकेच भार दिला असतां ती मध्येंच अडली पाहिजे आणि क्षणभर आपलें वजन तिनें पेललें पाहिजे. ती लोण्यांत सुरी शिरावी तशी खालीं गेली, तर लगेच रिंगा गेल्या असें मानूं नये. आधीं डीकॉम्प्रेसरची तार पाहावी. ती फार ताणलेली असली कीं दाब सोडणारी लहान झडप अर्धवट उघडी राहते, आणि सर्व दाब तेथूनच निसटतो. तारेचा ताण कमी करण्यास दोन मिनिटें लागतात. इंजिन उघडण्यास दोन दिवस.

ठिणगीची परीक्षा मात्र अधिक मनोरंजक आहे, आणि तिच्यासाठीं लागणारें साधन कारखान्यानेंच गाडीवर बसवून दिलेलें आहे. दिव्याच्या वरच्या घरांत जें लहानसें अॅमीटर असतें, त्याकडे बहुतेक लोक शोभेची वस्तु म्हणून पाहतात. वास्तविक तो वैद्याच्या बोटांखालची नाडी आहे. बॅटरींतून निघालेला प्रवाह अॅमीटरमधून, किल्लीमधून व कॉइलमधून पॉइंटांपर्यंत येतो. पॉइंट मिटलेले असले तर तो इंजिनाच्या धातूंतून बॅटरीकडे परत जातो व कांटा वजाच्या बाजूस झुकतो. पॉइंट उघडले कीं वाट तुटते आणि कांटा मध्यावर येतो. वाट तुटण्याच्या त्याच क्षणीं कॉइलमध्यें जोराची वीज उत्पन्न होते व प्लगाच्या टोंकांमध्यें ठिणगी उडते.

म्हणून दिवे बंद ठेवावे, किल्ली फिरवावी, डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून धरावा आणि किक सावकाश खालीं दाबीत कांट्याकडे पाहावें. कांटा मध्य आणि वजा यांच्यामध्यें हेलकावे घेऊं लागला, तर पॉइंटांपर्यंतचा मार्ग शाबूत आहे. तो जागचा मुळींच हलला नाहीं, तर प्रवाह कोठें तरी अडला आहे: बॅटरी उतरली असेल, फ्यूज गेला असेल, तार तुटली असेल, किंवा पॉइंटांवर मळ चढला असेल. तो वजाकडे जाऊन तेथेंच बसून राहिला, तर पॉइंट उघडतच नाहींत, अथवा एखादी तार उघडी पडून धातूस चिकटली आहे. एकहि नट न हलवितां एवढें कळतें!

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्याचे वडील वारल्यापासून त्यांची बुलेट तीन वर्षें बोळांत उभी होती. एका कारखान्यांत ती दाखविली तेव्हां सिलिंडर पुन्हां कोरून नवा दट्ट्या घालावा लागेल असें सांगण्यांत आलें. खर्चाचा आंकडा ऐकून त्यानें गाडी भंगारांत घालण्याचें ठरविलें. "सर, आईला ती रोज दिसते नि रोज डोळ्यांत पाणी येतें. गेलेली बरी," असें तो मला म्हणाला. मीं त्याला एक रविवार मागून घेतला. किकला दाब उत्तम लागत होता. म्हणजे सिलिंडर कोरण्याचें कारणच दिसेना. बॅटरी भारून बसविली, किल्ली फिरविली, तरी कांटा ढिम्म. पॉइंटांचें झांकण काढलें तों दोन्ही तोंडांवर राखेसारखा करडा थर. बारीक पॉलिश-पेपरानें तीं तोंडें घांसलीं, पेट्रोलांत भिजविलेल्या फडक्यानें पुसलीं, आणि कांटा हलूं लागला. नवें पेट्रोल घातल्यावर पांचव्या कीं सहाव्या किकेला गाडीनें तोंड उघडलें. तो ओळखीचा आवाज ऐकून त्याची आई हातांतलें पीठ तसेंच घेऊन दाराशीं येऊन उभी राहिली. मुलगा तत्काळ एक फेरी मारून येतों म्हणाला. मीं त्याला जाऊं दिलें नाहीं. त्याचें कारण पुढें ब्रेकांविषयीं बोलतांना येईल.

पॉइंटांना वारंवार पाहावें लागतें याचें गणित साधें आहे. चार टप्प्यांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असेल, तर पॉइंट मिनिटास दीड हजार वेळां आणि तासास नव्वद हजार वेळां उघडतात. त्यांची टांच हळूहळू झिजते व फट लहान होत जाते. फट लहान झाली कीं ठिणगी उशिरां पडते, गाडी तापते आणि चढावर धापा टाकते. पॉइंट पूर्ण उघडले असतां फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी, प्लगाची सुमारें अर्धा मिलिमीटर. मापण्यासाठीं पात्यांचें फीलर गेज मिळतें. तें स्वस्त असतें आणि आयुष्यभर पुरतें. अंदाजानें फट मोठी ठेवल्यास ठिणगी लवकर पडते, आणि किक उलटी फिरून घोट्यावर बसते. बुलेटच्या लाथेनें लंगडणारीं माणसें कांहीं थोडीं नाहींत. घांसलेले पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हां जळूं लागले तर दोष पॉइंटांचा नव्हे, शेजारच्या कंडेन्सरचा समजावा.

पेट्रोलाची बाजू आतां थोडक्यांत. नळी कार्ब्युरेटरपासून सोडून बाटलींत धरावी व नळ उघडावा. धार अखंड आली पाहिजे. गाडी तीन-चार मैल उत्तम चालून बंद पडत असेल, तर टांकीचें झांकण उघडून पाहावें. उघडतांच गाडी पूर्ववत् चालूं लागली, तर झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें आहे. चोक ओढला तरच गाडी चालते असें झाल्यास कार्ब्युरेटरमधील बारीक जेट तुंबली आहे. ती हवेच्या झोतानें साफ करावी. तार घालून छिद्र मोठें करूं नये. २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें आणि जुन्या रबरास मऊ करतें. म्हणून जुन्या गाडीची रबरी नळी बोटांनीं दाबून पाहावी, आणि ती चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर त्याच दिवशीं बदलावी. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें ही चेष्टा नव्हे. हीं सर्व कामें अंगणांत, उघड्यावर करावीं. देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराजवळ कधींहि करूं नयेत.

तेलासंबंधीं गैरसमज फार. या इंजिनांत दोन पंप असतात. एक टांकीतलें तेल यंत्राच्या भागांकडे नेतो. दुसरा खालीं सांचलेलें तेल टांकीत परत आणतो, आणि त्याची शक्ति पहिल्यापेक्षां अधिक ठेवलेली असते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली म्हणजे टांकीतलें तेल झिरपून क्रँकच्या पोटांत उतरतें. मालक सळई घालून पाहतो, तेल कमी दिसतें, आणि तो वरून आणखी ओततो. मग गाडी सुरू होतांच निळा धूर येतो, दुसरा पंप खालचें तेल वर आणतो, आणि जादा झालेलें तेल वाट मिळेल तेथून बाहेर पडतें. घरच्या मंडळींना वाटतें इंजिन गेलें! यास्तव तेलाची पातळी गाडी पांच मिनिटें चालवून, बंद करून, मग पाहावी. सिलिंडरच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट गाडी मंद चालत असतांना किंचित् सैल केला तर तेथें तेल पाझरलें पाहिजे. पाझरलें नाहीं तर गाडी ताबडतोब बंद करावी व जाणकाराकडे ढकलीत न्यावी.

टॅपेटचें काम सोपें, पण तें इंजिन थंड असतांना करावयाचें असतें. सकाळीं, चहाच्याहि आधीं, दट्ट्या दाबाच्या टोंकास आणून बाजूचें लहान झांकण काढावें. आंतल्या दोन्ही दांड्या बोटांनीं सहज फिरल्या पाहिजेत, परंतु वरखालीं हलतां कामा नयेत. येथें एक सूचना: जुन्या बुलेटचे पुष्कळ नट ब्रिटिश मापाचे आहेत. मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावला कीं तो घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि पुढच्या माणसाला छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. योग्य मापाचे चार पाने असणें हें वाटेल त्या मापांची चाळीस पान्यांची पेटी असण्यापेक्षां बरें.

आतां ब्रेक. न सुरू होणारी गाडी कोणाचा जीव घेत नाहीं. न थांबणारी घेते. त्या विद्यार्थ्याला मीं अडविलें तें याच कारणानें. पुढचें चाक काढून पाहिलें तेव्हां आंतले लायनर बेअरिंगमधून आलेल्या ग्रीजनें माखले होते. असे लायनर घांसून किंवा पेट्रोलानें धुऊन भागत नाहीं. तेल त्यांच्या अंगांत मुरलेलें असतें. ते बदललेच पाहिजेत, आणि ते बदलल्यावरच त्यानें आईला मागें बसवून देवळापर्यंत नेलें. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुप्फुसांत गेली तर वर्षांनुवर्षांनीं घातक रोग होतात. म्हणून ड्रममधील भुकटी तोंडानें फुंकूं नये, हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें. मुलांना त्या वेळीं जवळ बसूं देऊं नये. ब्रेकची तार हँडलाशीं जेथें वळते तेथें तिचा एकेक धागा तुटत जातो. एक धागा तुटलेला दिसला, तरी सर्व तार तुटली असेंच धरून चालावें.

साखळी ताणण्यापूर्वीं मागचें चाक सावकाश पूर्ण फिरवून तिची सर्वांत ताठ जागा शोधावी, आणि त्या जागीं सुमारें एक इंच झोल ठेवावा. मागच्या आंसाच्या दोन्ही टोंकांस खांचा असलेल्या गोगलगाईसारख्या चकत्या असतात. दोन्हीकडे सारखीच खांच आली तर चाक सरळ राहतें. चाक मागें सरकलें कीं मागच्या ब्रेकची दांडी आपोआप ताणली जाते, म्हणून साखळीनंतर तो ब्रेक पुन्हां जुळविल्याशिवाय गाडी हलवूं नये. हें विसरलें तर ब्रेक घांसत राहतो, ड्रम तापतो, आणि मालक गाडीला ओढ नाहीं म्हणून कार्ब्युरेटर उघडून बसतो.

क्रँकचे बेअरिंग, सिलिंडर कोरणें, गिअरपेटी, चाकाची रिम सरळ करणें, हीं कामें घरचीं नव्हेत. त्यांना दाबयंत्र लागतें, अचूक मापें लागतात, आणि मुख्य म्हणजे शेंकडों वेळां तेंच काम केलेला हात लागतो. तेथें कारागिराला पैसे देतांना कांकूं करूं नये. पण त्याच्याकडे जातांना "गाडी चालत नाहीं" एवढेंच न सांगतां, "दाब आहे, कांटा हलतो, पेट्रोल येतें, तरी तापल्यावर बंद पडते" असें सांगावें. तो आपल्याशीं निराळ्या रीतीनें बोलूं लागेल.

पावसाळ्यांत गाडी बंद ठेवावयाची असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटींतलें पेट्रोल काढून टाकावें, बॅटरीची तार सोडावी, प्लग काढून छिद्रांतून चमचाभर इंजिनाचें तेल घालावें, आणि किल्ली बंद ठेवून किक चार-पांच वेळां हळू फिरवावी. मग प्लग लावून दट्ट्या दाबाच्या टोंकास आणून ठेवावा. त्या स्थितींत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि चार महिन्यांची दमट हवा सिलिंडरांत शिरत नाहीं.