सुफी, जातं आणि खुलताबाद



इथे स्टेट कॉलेजला चार मराठी डोकी जमली की गप्पा हमखास इतिहासावर घसरतात. सुफींचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "गोड बोलून बाटवणारे." दुसरी म्हणते, "छे हो, आपल्या वारकऱ्यांसारखेच!" दोन्हीकडचा आवाज चढतो, पण उदाहरण कोणी देत नाही. ते तर आपल्या वेरूळच्या शेजारी आहे.

वेरूळची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. तिथून चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूरला दंगल झाली, तेव्हा हे नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. पण त्याची कबर तिथेच का? तर १७०७ मध्ये नगरजवळ वारलेल्या बादशहाला झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. झैनुद्दीन वारले १३६९ मध्ये. म्हणजे बादशहा तिथे पोचला तेव्हा दर्ग्यांचं हे गाव तीनशेहून जास्त वर्षं जुनं होतं.

हे सुफी इथे आले कसे? १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची बडी मंडळी दौलताबादला हलवली. आपल्या भाषेत सक्तीचं रिलोकेशन! त्या लोंढ्यात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब आले आणि १३३७ मध्ये इथेच वारले. त्यांचं बोलणं शिष्यांनी फारसीत टिपून ठेवलंय. कार्ल अर्न्स्ट या अभ्यासकाने ते कागद तपासून १९९२ मध्ये 'इटर्नल गार्डन' हे पुस्तक लिहिलं. त्या नोंदींत उपास, प्रार्थना, समा म्हणजे भक्तिसंगीत, गुरू-शिष्यांचं वागणं हे सगळं आहे; धर्मांतराची मोहीम मात्र दिसत नाही. शेकडो सुफींची फौज घेऊन आलेल्या अवलियांच्या कथा बऱ्याच नंतरच्या.

मग इस्लाम गावागावांत पोचला कसा? याचं एक उत्तर रिचर्ड ईटन यांच्या विजापूरच्या सुफींवरच्या पुस्तकात (१९७८) सापडतं. तिथल्या चिश्ती परंपरेत दखनी बोलीत चक्कीनामा आणि चरखानामा नावाची गाणी रचली गेली. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, अशा त्यातल्या कल्पना. आपल्या आज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या ना, तोच प्रकार! दळताना बाई गाणार, मांडीवरचं पोर ऐकणार. दर्ग्यात नवसाला जाणाऱ्याही बायकाच जास्त. ईटन म्हणतात, धर्म झिरपला तो असा, घराघरातून, पिढ्यान् पिढ्या. एका दिवशी कोणी येऊन धर्म बदलला, असं ते चित्र नाही.

आता दुसऱ्या पार्टीलाही सांगायला हवं. सुफी सगळेच फकिरीतले नव्हते. ईटन यांच्याच पुस्तकात तलवार घेतलेले सुफी आहेत, दरबाराकडून इनाम जमिनी घेऊन गब्बर झालेले आहेत आणि बिगरमुस्लिमांवर कडक निर्बंध हवेत म्हणणारेही आहेत. खुलताबादच्या दर्ग्यांनाही पुढे राजेरजवाड्यांची इनामं मिळालीच. तेव्हा सगळ्यांना एकाच पारड्यात टाकून चालणार नाही.

आणि दर्ग्यात गेलेला प्रत्येक माणूस मुसलमान झाला असंही नाही. निजामशाहीतल्या मालोजी भोसल्यांना शाह शरीफ या पिराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून शहाजी आणि शरीफजी ही नावं ठेवली, असं परंपरा सांगते. त्याच काळातले श्रीगोंद्याचे शेख महंमद सुफी परंपरेतले. त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतांत घेतलं. ते आयुष्यभर मुसलमानच राहिले. खुलताबादच्या जर जरी जर बक्ष उरसाला आजही हिंदू जातात, प्रसाद घेतात आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावतात.

आपली मुलं इथे कॉलेजात साउथ एशियाचा कोर्स घेतात आणि घरी येऊन विचारतात, "सुफीज कन्व्हर्ट करायचे का?" हो किंवा नाही म्हणून विषय मिटवू नका. कुठले सुफी, कुठल्या शतकातले, हे आधी विचारा. आणि पुढच्या इंडिया ट्रिपला वेरूळहून तसेच मागे फिरू नका, गाडी जरा पुढे न्या.


(स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया)