मणक्यातील गाउट आणि क्ष-किरणांची साक्ष

बंगळूरच्या बसवनगुडीत एका अखंड शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी आहे. वस्तीचे नावही त्याच्याच देवळावरून पडले. त्याच्या एका बाजूस दिवा ठेवला तर भिंतीवर एकच सपाट सावली उमटेल. साध्या क्ष-किरण चित्राचीही हीच अडचण असते. पुढचे व मागचे सारे त्यात एकावर एक पडते.

पायाच्या अंगठ्यास छळणारा विकार म्हणून गाउट सर्वांस परिचित आहे. रक्तातील यूरिक अम्ल वाढले म्हणजे सोडियम यूरेटचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात. क्वचित ते मणक्यांतही साचतात. मानेच्या पहिल्या मणक्याची अशी हकीकत १९५० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गाठ मज्जारज्जूवर दाबू लागली की पाय बधिर होतात, चालणे कठीण होते. भारतात अशा रोग्याविषयी प्रथम मणक्याच्या क्षयाचा संशय येतो, आणि तो गैर नव्हे. परंतु निदान चुकल्यास हानी दुहेरी होते. क्षयावरील पायराझिनामाइड हे औषध मूत्रपिंडावाटे यूरिक अम्ल बाहेर पडू देत नाही. म्हणजे नसलेल्या रोगावरील उपचाराने असलेला रोग बळावतो!

साध्या चित्रात फार तर हाडाची कुरतडलेली कड दिसते. एमआरआय मज्जारज्जूवरील दाब उत्तम दाखवते, पण गाठ यूरेटची, जंतुसंसर्गाची की अर्बुदाची, हे तिला निश्चित सांगता येत नाही.

नंदीभोवती दिवा फिरवून अनेक सावल्या घेतल्या तर त्याचा आकार पुष्कळसा ताडता येईल. शरीराच्या बाबतीत क्ष-किरण आरपार जात असल्याने आतली रचनाही गणिताने उभी करता येते. १९७१ साली लंडनमध्ये हौन्सफील्ड ह्यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. एन. रामचंद्रन् व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् ह्यांनी अशा गणिताची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर वापरात आली.

आता ह्या यंत्रात दोन ऊर्जांचे किरण वापरतात, साधारणतः ८० व १४० किलोव्होल्टचे. कमी ऊर्जेच्या किरणांचे कॅल्शियममधील शोषण बरेच वाढते. हलक्या मूलद्रव्यांच्या यूरेटमध्ये तितका फरक पडत नाही. संगणक हा फरक मोजतो व यूरेटला वेगळा, बहुधा हिरवा, रंग देतो. हाडाजवळची गाठ अशी उघडी पडते.

तथापि ह्या रंगावर आंधळा विश्वास नको. लहान, नवे साठे निसटतात. उलट मणक्यांमधील चकतीत कधी कधी यूरेट नसतानाही रंग उमटतो. शंका उरल्यास सुईने गाठीचा अंश काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेथे स्फटिक लखलखतात. मात्र नेहमीच्या पाणीमिश्रित फॉर्मॅलिनमध्ये ते विरघळून जातात, म्हणून नमुना अल्कोहोलात ठेवावा लागतो, आणि प्रयोगशाळेस तशी सूचना आधीच द्यावी लागते.