आधी दगड, मग झाडे, शेवटी मासे

जबलपूरच्या कमानिया गेटला १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण जोडलेली आहे. या गेटपासून बडा फुहाऱ्यापर्यंतच्या दाट वस्तीत घराला अंगण-बाग क्वचितच मिळते. अशा घरात झाडांनी भरलेली मोठी फिश टँक ही खरीखुरी बाग होऊ शकते. ती बहरेल की महिन्याभरात शेवाळून जाईल, हे माशांच्या किमतीवर ठरत नाही. ते ठरते गावच्या पाण्यावर, दगडावर आणि उन्हाळ्यावर. म्हणून जबलपूरकराने आपल्या टाकीची आखणी नर्मदेच्या खोऱ्याकडे पाहूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात वजनापासून करू. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत काठोकाठ २४३ लिटर पाणी मावते. त्यात काच, वाळू, दगड आणि स्टँड धरले की भार साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. शक्यतो तळमजला निवडावा. जुन्या घराच्या माडीवर टाकी ठेवायचीच असेल, तर ती भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, तुळयांना आडवी ठेवावी आणि आधी जाणत्या माणसाला दाखवावे. खिडकीतले थेट ऊन टाळावे.

ग्रॅनाइट की संगमरवर?

जबलपूरला दोन दगडांनी ओळख दिली. मदनमहाल टेकडीवरचा ग्रॅनाइट आणि भेडाघाटचा संगमरवर. टाकीत संगमरवर मोहक दिसतो, पण तो कार्बोनेटी दगड आहे. पाण्यात तो हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा जडपणा व सामू, म्हणजे पीएच, वाढवतो. त्याचा फटका माशांना बसतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. २५ अंश तापमानाला आणि ७ सामूला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हाच वाटा पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळपास दहापट.

ग्रॅनाइट मात्र पाण्यात काही सोडत नाही. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. भेडाघाटच्या दगडात मॅग्नेशियम असल्याने फेस चटकन येत नाही, म्हणून दगड खरवडून त्याच्या भुकटीवर थेंब टाकावा. तळाला धुतलेली जाड वाळू पुरते.

झाडे हाच खरा फिल्टर

१८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन गोल्डफिश, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. प्राणी आणि वनस्पती एकमेकांना तगवू शकतात, हे त्यांनी दाखवले. रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या नद्या-तलावांतही वाढते. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद तो पाण्यात पसरतो. त्यामुळे बुडालेल्या झाडांची कार्बनसाठी सतत उपासमार होते. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीला म्हणूनच ही झाडे मानवतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा खर्च वाचतो. पुढच्या बाजूला आपली औषधी ब्राह्मी लावावी, ती पाण्याखालीही जगते. पहिल्याच दिवशी दाट लागवड करावी आणि दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. झाडे विरळ आणि उजेड जास्त असला की शेवाळाचे फावते.

आता चार ते सहा आठवडे धीर धरायचा. या काळात वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर सूक्ष्मजीवांचा थर जमतो. काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट झाडे खातात. पहिले काम जिवाणूंचेच, असे बरीच वर्षे मानले जाई. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले, की गोड्या पाण्याच्या अनेक टाक्यांत ते मुख्यतः आर्किया हे वेगळ्याच कुळातले जीव करतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीन त्यांना मारून टाकते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत.

मे महिन्याची परीक्षा

जबलपूरचा मे चाळिशी ओलांडतो. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू लिटरला नऊ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. एक लिटर पाणी उडून जाताना २४० लिटर पाण्याला सुमारे दोन अंशांनी थंड करण्याइतकी उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, पावसाळ्यात नाही. उडालेल्या पाण्याचे क्षार मात्र टाकीतच राहतात, म्हणून भर आरओच्या पाण्याची घालावी.

कोणते मासे?

फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या ग्रंथात गंगा खोऱ्यातले मासे शास्त्रीय नावांनिशी नोंदवले. झेब्रा डॅनिओ, अंगावर दोन काळे ठिपके असलेला टिक्टो बार्ब आणि ड्वार्फ गोरामी हे तिन्ही मासे त्यातलेच. वर झेब्राचा डझनभराचा थवा, मध्ये दहा टिक्टो आणि गोरामीची एक जोडी, एवढे या टाकीला पुरे. गोरामी पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो तग धरतो. मासे एकदम न आणता आठवड्यांच्या अंतराने सोडावेत.

त्याच ग्रंथात महसीरही आहे. मध्य प्रदेशाचा तो राज्यमासा. त्याला नदीच हवी, काच नव्हे. गोल्डफिश कोवळी झाडे उपटतो. काच साफ करील म्हणून आणलेला सकर फूटभराहून मोठा होतो आणि मग लोक तो तलावात सोडून देतात. हे कधीही करू नये. हा दक्षिण अमेरिकेचा मासा भारतातल्या अनेक जलाशयांत असाच घुसला आहे. छाटलेली झाडेसुद्धा उन्हात वाळवूनच टाकावीत.

राणीताल, आधारताल, हनुमानताल अशा तलावांच्या नावांनी हे शहर ओळखले जाते. टाकीत चिमूटभर खाद्य जास्त पडले की चार दिवसांत पाणी हिरवट होते. तलावात शिरणारे सांडपाणी हेच मोठ्या प्रमाणावर करते. रसायन एकच आहे. घरची टाकी वर्षभर नितळ ठेवणाऱ्या कुटुंबाला आपल्या वस्तीचा तलाव का बिघडतो, हे नेमके कळते. मग वॉर्डातल्या नगरसेवकाला त्याचा जाब विचारणे हेही त्या छंदाचेच पुढचे काम आहे.